तिजोरी आणि बारूद : मुंबईचा अनुभव

मराठी मुलखात दागिने आणि रोकड ठेवायची ती वाड्याच्या तळघरात, भिंतीतल्या चोरकप्प्यात किंवा पितळी पट्ट्या ठोकलेल्या शिसवी पेटाऱ्यात. हंड्यात भरून जमिनीत पुरण्याचीही रीत होती. या उपायांनी चोराला चकवता येई. पण वाड्याला आग लागली की पेटाऱ्यातले दस्तऐवज आणि हिशेबाच्या वह्या राख होत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पेढ्या आणि बँका लोखंडी तिजोऱ्या वापरू लागल्या. चब, मिल्नर अशा इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या मालाचा तेव्हा दबदबा होता.

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला एका छोट्या शेडमध्ये कुलपांचा कारखाना काढला आणि १९०२ पासून तिजोऱ्याही बनवायला घेतल्या. तिजोरीला चोर आणि आग दोघांनाही तोंड द्यावे लागते. मूठ फिरवली की दारातले पोलादी दांडे चौकटीत शिरतात. बिजागरीच्या बाजूलाही पकड असेल, तर बिजागऱ्या कापूनही दार निघत नाही. आगीसाठी दोन पत्र्यांच्या मधली पोकळी भरून काढतात. जिप्सम किंवा तुरटी यांच्या स्फटिकांत पाणी असते. ते तापून वाफ होऊन जाईपर्यंत आतली उष्णता कागद जळण्याइतकी चढत नाही. म्हणूनच तिजोरी आगीत किती वेळ टिकेल, हे तासांत सांगतात.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईत या तिजोऱ्यांची कसोटी लागली. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गाठीही चढवल्या होत्या. पोलादी टाकीत सोन्याच्या १२४ विटा होत्या, प्रत्येकी सुमारे पावणेतेरा किलोची. दुपारी कापूस पेटला आणि चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली. एक वीट मैलभर लांबच्या घराच्या व्हरांड्यात जाऊन पडली. आसपासची गोदामे आणि पेढ्या जळाल्या, तरी कित्येक गोदरेज तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत निघाला आणि या कारखान्याचे नाव झाले. त्या आगीत मेलेल्या बंबवाल्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

स्फोटकांना नुसती भक्कम पेटी पुरत नाही. त्यांना अंतर लागते. १८८४ च्या स्फोटक कायद्याखालील नियमांनुसार बारूदकोठार वस्तीपासून ठरावीक अंतरावर बांधतात आणि डिटोनेटर बारुदापासून वेगळे ठेवतात. अशा कोठारांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय नागपुरात आहे. प्रयोगशाळा आणि कारखान्यांतली ज्वालाग्राही द्रवांची कपाटेही तिजोरीप्रमाणे आगीचा विचार करून घडवलेली असतात : दुहेरी पत्रा, आपोआप मिटणारे दार आणि सांडलेला द्रव बाहेर वाहू नये म्हणून तळाशी उंच कड. आम्ले त्यात ठेवत नाहीत. त्यांचे कपाट निराळे असते.