शांता आपटे : कंपनीच्या दारात उपोषणाला बसलेली गायिका-अभिनेत्री

कोरियन पॉप ऐकणाऱ्यांना कलाकार आणि कंपनी यांच्यातले करारावरचे वाद नवे नाहीत. 2009 मध्ये टीव्हीएक्सक्यू या बँडमधले तिघे 13 वर्षांच्या कराराविरोधात कोर्टात गेले. त्याच वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने नमुना करार आणला आणि त्यात 7 वर्षांची मर्यादा घातली. पण याच्या तब्बल 70 वर्षं आधी पुण्यात एका मराठी गायिका-अभिनेत्रीने आपल्या कंपनीशी असाच उघड सामना केला होता. तिचं नाव शांता आपटे.

सुरुवात कशी झाली?

शांता आपटे यांचा जन्म 1916 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' (1932) मधून त्या पडद्यावर आल्या. पुढे प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाल्या आणि व्ही. शांताराम यांच्या 'अमृतमंथन' (1934) मुळे घराघरांत पोहोचल्या. तेव्हा पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं. त्यामुळे नायिकेला स्वतः गाता येणं ही मोठी जमेची बाजू होती.

'कुंकू' इतका का गाजला?

1937 चा 'कुंकू' ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर बेतलेला होता. फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. हा चित्रपट हिंदीत 'दुनिया न माने' नावाने आला. त्यात शांताबाईंनी चक्क एक इंग्रजी गाणंही गायलं.

उपोषण कशासाठी?

त्या काळी कलाकार कंपनीचे पगारी नोकर असत. कोणता सिनेमा करायचा, बाहेर काम करायचं की नाही, हे कंपनी ठरवायची. 1939 मध्ये करारावरून वाद झाला आणि शांताबाई थेट प्रभातच्या गेटवर उपोषणाला बसल्या. कंपनीतला वाद अशा प्रकारे चव्हाट्यावर आणणारी नायिका तेव्हा विरळाच.

प्रभातनंतर काय?

1940 मध्ये त्यांचं 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आलं. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींच्या मनातला प्रश्नच त्यांनी शीर्षकात ठेवला होता. 1941 च्या 'सावित्री' या तमिळ चित्रपटासाठी त्या तमिळ शिकल्या. त्यात नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. पुढे हिंदी-मराठीत काम सुरू राहिलं, पण 'कुंकू'ची उंची पुन्हा गाठता आली नाही. 24 फेब्रुवारी 1964 रोजी त्यांचं निधन झालं.

प्रभातच्या त्याच आवारात आज एफटीआयआय ही सरकारी चित्रपट संस्था आहे.