म्हातारपण कोणत्या वर्षी सुरू होते?

श्रोतेहो, आपल्या गावातल्या एखाद्या आजोबांना त्यांचे वय विचारून पाहा. आकडा बहुधा सांगणार नाहीत. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी गुरे राखीत होतो," किंवा "बहात्तरच्या दुष्काळात माझे लग्न झाले," असे काहीतरी सांगतील. आणि म्हातारे झालात का, म्हणून विचाराल तर हसून म्हणतील, "हात चालताहेत तोवर कसले आले म्हातारपण!"

माणसाने पिढ्यान्‌पिढ्या म्हातारपण असेच मोजले, हातापायांतल्या बळावर. मग ते वर्षांच्या आकड्यावर कधीपासून मोजू लागलो? आज तीच हकिगत सांगावयाची आहे.

ही गोष्ट जर्मनीत सुरू होते. एकोणिसाव्या शतकात तिथे कारखाने वाढले आणि गावची माणसे शहरात आली. गावात थकलेल्या माणसाला खळ्याची राखण, दोर वळणे असे काही ना काही काम असे. यंत्रापुढे मात्र हात मंदावला की मजुरी बंद! कामगारांत असंतोष वाढला, समाजवादी पक्षाचा जोर वाढला. तो जोर ओसरावा, हाही हेतू मनात ठेवून चान्सलर बिस्मार्क याने १८८९ साली वृद्धांच्या पेन्शनीचा कायदा करविला. मजूर आणि मालक यांनी निम्मी निम्मी वर्गणी भरावयाची आणि सरकारने दर पेन्शनीत वर्षाला ५० मार्कांची भर घालावयाची. त्यात शेतमजूरही होते, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

बिस्मार्क पासष्ट वर्षांचा होता म्हणून पेन्शनीचे वय पासष्ट ठरले, अशी एक दंतकथा आहे. ती खरी नाही. कायद्यात वय होते ७०, आणि बिस्मार्क स्वतः तेव्हा ७४ वर्षांचा होता. पासष्टची अट १९१६ साली आली. या कायद्याला दुसरेही एक दार होते. ज्याची काम करण्याची ताकद आजाराने किंवा झिजेने गेली, त्याला सत्तरी गाठण्याआधीच पेन्शन मिळे. आणि पाहा, याच दाराने अधिक माणसे आली! कायद्याने सत्तर म्हटले, पण मजुराचे शरीर तिथवर टिकत नव्हते.

पुढे १९०८ साली ब्रिटनने कायदा केला. वर्गणी नाही, वय ७०, आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग, तेही जवळच्या पोस्टात. आयर्लंड तेव्हा ब्रिटनच्याच राज्यात होते. तिथे निराळीच अडचण उभी राहिली. जन्माची सरकारी नोंद सुरू झाली होती १८६४ साली, मग सत्तरीच्या शेतकऱ्याने दाखला आणावा कुठून? तेव्हा लोकांनी आधार घेतला एका वादळाचा. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ झाले होते. ज्याला ते आठवते तो सत्तरीचा! आईकडून ऐकलेले वादळ काहींनी आपणच पाहिले म्हणून सांगितले असेल, ते सोडून द्या. आपल्या कोयनेच्या आजोबांचे हे सख्खे भाऊच की नाही?

आता आपल्याकडे या. केंद्र सरकारच्या नोकरांचे निवृत्तीचे वय पूर्वी ५५ होते. १९६२ साली ते ५८ झाले आणि १९९८ साली ६०. त्या वर्षी माणसाची हाडे काही दोन वर्षांनी तरुण झाली नाहीत; बदलला तो सरकारी हिशेब. शिक्षक बंधुभगिनींना तर हे अधिक ठाऊक आहे. पूर्वी गुरुजी शाळेत नाव घालताना अंदाजाने १ जून ही जन्मतारीख लिहीत. त्या एका लेखणीच्या फटकाऱ्याने माणूस नोकरीतून कधी निवृत्त होणार, हे सहाव्या वर्षीच ठरून जाई. म्हणून तर ३१ मे रोजी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची एवढी गर्दी उडते!

पण ज्याला नोकरीच नाही, त्याला निवृत्ती कुठली? निराधार वृद्धांसाठी केंद्राची योजना आली १५ ऑगस्ट १९९५ रोजी. वय ६५ आणि केंद्राकडून महिना ७५ रुपये. वयाची अट ६० वर आली ती २०११ साली. जर्मनीच्या शेतमजुराला कायद्याने जे मिळाले होते, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

आपल्या देशात २०१७-१८ साली वृद्धत्वाची मोठी पाहणी झाली. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तीत प्रमुख होती. पंचेचाळिशीपुढील माणसे आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांवर जणांना भेटून रक्तदाब, श्वास यांच्याबरोबर हाताच्या मुठीची पकडही मोजली. शास्त्रज्ञ फिरून आजोबांच्याच मापाशी आले म्हणावयाचे! शहरापेक्षा खेड्यातले वृद्ध अधिक प्रमाणात काम करतात, असे त्या पाहणीत दिसले. त्यांतले हौसेने राबणारे किती आणि चुलीसाठी राबणारे किती, हे तुमचे तुम्ही गावात पाहून सांगू शकाल.

तेव्हा गुरुजनहो, एक काम करा. तुमच्या आळीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांपाशी वयाचा कागद नाही, त्यांच्याजवळ घटकाभर बसा. कोणता भूकंप, कोणता दुष्काळ, थोरले पोर कधीचे, हे विचारून वय काढा आणि अर्ज लिहून द्या. पूर्वी गुरुजींनी अंदाजाने तारखा लिहिल्या; या वेळी विचारून लिहू या.