पिल्लू आठ आठवड्यांआधी आईपासून का तोडू नये?

कुत्र्याच्या पिल्लाला जन्मतः दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. अंगाची ऊब टिकवणंही जमत नाही, म्हणून सुरुवातीला आईची कूसच हवी. पहिल्या 24 तासांत मिळणारा चीक त्याला रोगांपासून वाचवतो.

डोळे साधारण 10 ते 14 दिवसांत उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं सुरू करता येतं. जोरात चावलं की खेळ थांबतो, हे पिल्लू भावंडांकडूनच शिकतं.

चिकातून मिळालेलं संरक्षण हळूहळू ओसरतं आणि पार्वोसारख्या जीवघेण्या आजाराचा धोका वाढतो. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांदरम्यान पहिली लस देतात. भारतात 2017 च्या नियमांनुसार पैदासकाराला आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नव्या घरी पाठवताना लसीची आणि जंताच्या औषधाची नोंद सोबत द्यावी.