चोरदिंडी आणि चीनची अदृश्य भिंत

१/१०
सप्टेंबर १९८७. बीजिंगमधील एका संगणक संस्थेतून जर्मनीतील कार्ल्सरूह विद्यापीठाकडे एक ई-मेल निघाला. चिनी भिंत ओलांडून आपण जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचू शकतो, असा त्याचा आशय होता. पुढे त्याच देशात दुसरी, न दिसणारी भिंत उभी राहिली. तिला पाडल्या गेलेल्या चोरदिंड्यांचा हा इतिहास.

२/१०
एप्रिल १९९४मध्ये चीन इंटरनेटशी पूर्णपणे जोडला गेला. परदेशाशी होणारी सारी वाहतूक मोजक्याच नाक्यांवरून जात असे, त्यामुळे पहारा बसवणे शक्य झाले. नको असलेले पत्ते अडवायचे, संकेतस्थळाचा ठावठिकाणा विचारणाऱ्याला खोटे उत्तर द्यायचे, आक्षेपार्ह शब्द दिसताच जोडणी तोडायची, ही पहाऱ्याची प्रमुख शस्त्रे. जगाने या व्यवस्थेला 'ग्रेट फायरवॉल' म्हटले.

३/१०
पहारेकरी पाहतो ते प्रवासी कोठे निघाला आहे हे. प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे भिंतीबाहेरचा मध्यस्थ संगणक. वाचक निषिद्ध स्थळी स्वतः जात नाही. मध्यस्थ ते पान आणून त्याच्या हाती देतो. नाक्यावर दिसतो केवळ मध्यस्थाचा पत्ता, आणि मजकूर कूटबद्ध असेल तर आत काय आहे तेही कळत नाही. चिनी लोक याला 'फान-च्यांग' म्हणतात: भिंतीवरून चढून जाणे.

४/१०
जुलै १९९९मध्ये फालुन गोंग पंथावर बंदी आली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या त्याच्या काही संगणकतज्ज्ञ अनुयायांनी २००२च्या सुमारास 'फ्रीगेट' आणि 'अल्ट्रासर्फ' ही साधने घडवली. एक पत्ता अडवला गेला की ती दुसरा शोधत. पंथाशी काडीचा संबंध नसलेले लोकही त्यांतून बाहेरचे जग पाहू लागले.

५/१०
परंतु चोरदिंडीचे दुखणे जुनेच. ती आपल्या माणसांना सांगावी लागते आणि शत्रूपासून लपवावी लागते. प्रॉक्सीचा पत्ता हजारोंना कळवायचा, तर त्या हजारांत एक हेर असणारच. पुढचा सारा संघर्ष या एका पेचाभोवती फिरला.

६/१०
सप्टेंबर २००९मध्ये, साम्यवादी राजवटीच्या साठाव्या वर्धापनदिनाच्या तोंडावर, चीनने 'टॉर' या जाळ्याचे जाहीर यादीतील संगणक अडवले. टॉरकडे यादीबाहेरचे 'ब्रिज' होते. ते थोडे थोडे करून वाटले जात. मार्च २०१०पर्यंत त्यांतीलही बरेच हुडकले गेले.

७/१०
२०१२मध्ये संशोधकांनी एक नवी युक्ती उघड केली. संशयित जोडणी दिसली की फायरवॉलचे संगणक स्वतःच सामान्य वापरकर्त्याचे सोंग घेऊन त्या पत्त्याचे दार ठोठावत. आतून टॉरच्या भाषेत 'ओ' आली की दार बंद! यावर उतारा निघाला तो परवलीच्या शब्दाचा: खूण न पटल्यास सर्व्हरने मौन पाळायचे.

८/१०
दुसरा उतारा अधिक धूर्त होता. जानेवारी २०१३मध्ये चीनने 'गिटहब' अडवले. चिनी प्रोग्रामरांनी ओरड केली आणि काही दिवसांत ते पुन्हा सुरू झाले. ज्याविना उद्योग अडतो, ते बंद करणे महाग पडते. मग प्रॉक्सीची वाहतूक गूगल, ॲमेझॉन यांच्या वाहतुकीत मिसळण्यात आली. मात्र २०१८मध्ये या दोन्ही कंपन्यांनीच तो मार्ग बंद केला.

९/१०
या खेळाची किंमत माणसांनी मोजली. २०१२मध्ये एका चिनी प्रोग्रामरने 'शॅडोसॉक्स' हे हलके प्रॉक्सी साधन टोपणनावाने खुले केले. ऑगस्ट २०१५मध्ये पोलिसांच्या तंबीमुळे त्याला ते मागे घ्यावे लागले. तोवर त्याच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या. इतरांनी काम पुढे नेले. २०१७मध्ये परवान्याविना व्हीपीएन विकणाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या.

१०/१०
मग जिंकले कोण? चोरदिंड्या आजही आहेत, म्हणजे भिंत अभेद्य नाही. पण तिला अभेद्य असण्याची गरजही नसते. चढणे पुरेसे कष्टाचे आणि धोक्याचे झाले की बहुतेक लोक आतच रमतात. बाहेर काय आहे हे ज्याने कधी पाहिलेच नाही, तो चोरदिंडी शोधणार तरी कशासाठी? भिंतीचा खरा विजय वाट अडवण्यात नसतो; वाटेची आठवण पुसण्यात असतो. म्हणूनच ती वाट जागती ठेवणाऱ्या अनामिकांची नोंद इतिहासाने ठेवायला हवी.