आई-बाबांना खुर्चीतून उठायला त्रास होतोय? घरच्या घरी ताकद आणि तोल वाढवणारे सोपे व्यायाम

खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागणं. जिना चढताना कठडा न सोडणं. खाली बसून भाजी निवडणं बंद होऊन सगळं टेबलावर येणं. घरातल्या ज्येष्ठांमध्ये हे बदल इतक्या हळूहळू होतात की 'आता वय झालं' असं म्हणून सगळेच ते मान्य करून टाकतात.

पण यातला बराचसा दोष वयाचा नसतो, स्नायू न वापरल्याचा असतो. गेलेली ताकद सत्तरीत, ऐंशीत, अगदी नव्वदीतही काही प्रमाणात परत मिळवता येते. त्यासाठी जिम लागत नाही. एक भक्कम खुर्ची, स्वयंपाकघरातला ओटा आणि एक मोकळी भिंत एवढं पुरतं.

कोणते व्यायाम करायचे, किती करायचे आणि कधी थांबायचं, हे समजून घेऊया.

वय वाढलं की ताकद का कमी होते?

साधारण तिशी-चाळिशीनंतर शरीरातले स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. याला 'सार्कोपेनिया' म्हणतात. अमेरिकेतले संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हा शब्द सुचवला. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे कमतरता.

वयापेक्षाही वेगाने स्नायू खाते ती विश्रांती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी लोकांना १० दिवस अंथरुणात ठेवलं गेलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळपास १ किलो स्नायू कमी झाले. आजारपणातून उठल्यावर ज्येष्ठांना 'पायात जीवच राहिला नाही' असं वाटतं, ते यामुळेच.

इथे घरच्यांची मायाही कधी कधी नडते. 'आई, तू बस, मी आणते', 'बाबा, तुम्ही उठू नका' असं म्हणत पाण्याचा ग्लासही हातात दिला जातो. दिवसभरात जे वीस-पंचवीस वेळा उठणं-बसणं व्हायचं, ते चार-पाचवर येतं. उठणं कमी झालं की पाय कमकुवत होतात आणि पाय कमकुवत झाले की उठणं आणखी कमी होतं.

रोज चालणं पुरेसं नाही का?

चालणं उत्तमच. ते हृदयासाठी, बीपी-शुगरसाठी आणि मनासाठी चांगलं. पण सपाट रस्त्यावर चालताना मांड्यांवर फारसा भार येत नाही. म्हणूनच रोज बागेत फेऱ्या मारणाऱ्या काही आजोबांनाही सोफ्यातून उठताना आधार लागतो. प्राणायामाचंही तसंच. त्याचे फायदे वेगळे आहेत, पण त्याने पायांची ताकद वाढत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम, किमान २ दिवस ताकदीचे व्यायाम आणि किमान ३ दिवस तोल व ताकद यांचा एकत्र सराव. आपल्याकडे पहिली गोष्ट बऱ्यापैकी होते, बाकीच्या दोन राहून जातात.

खरंच या वयात ताकद वाढते?

हो. १९९० मध्ये बोस्टनच्या डॉ. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमात राहणाऱ्या ८६ ते ९६ वर्षांच्या १० जणांना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करायला लावले. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. अर्थात हे व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले होते, ते वजन घरी उचलायचं नाही.

घरच्यासाठी न्यूझीलंडमधला 'ओटॅगो' कार्यक्रम जास्त जवळचा आहे. १९९० च्या दशकात तिथल्या ओटॅगो विद्यापीठात तयार झालेला हा कार्यक्रम म्हणजे घरी करायचे पायांचे आणि तोलाचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा, जोडीला चालणं. त्यावरच्या चाचण्यांमध्ये ज्येष्ठांचं पडणं सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं.

पडणं ही साधी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार लोक पडून दगावतात. त्यात साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे. जे वाचतात त्यातल्या अनेकांचं खुब्याचं हाड मोडतं आणि स्वतःच्या पायाने संडास-बाथरूमला जाणं हीच मोठी गोष्ट होऊन बसते.

आधी एक सोपी चाचणी

पाठ असलेली, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आई किंवा बाबांनी मध्यभागी बसायचं, हात छातीवर दुमडायचे. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. तुम्ही शेजारीच उभे राहा. उठताना हात टेकावे लागले तर गुण शून्य.

अमेरिकेच्या 'सीडीसी' या आरोग्य संस्थेनुसार आकडा यापेक्षा कमी आला तर पडण्याचा धोका जास्त समजतात:

- ६५ ते ६९ वर्षं: पुरुष १२, स्त्रिया ११
- ७० ते ७४ वर्षं: पुरुष १२, स्त्रिया १०
- ७५ ते ७९ वर्षं: पुरुष ११, स्त्रिया १०
- ८० ते ८४ वर्षं: पुरुष १०, स्त्रिया ९

आकडा कमी आला म्हणून घाबरू नका. तो कॅलेंडरवर तारखेसह लिहून ठेवा.

सुरू करण्यापूर्वी

- हृदयविकार, अलीकडचं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, वारंवार चक्कर, ताब्यात नसलेला बीपी किंवा गेल्या वर्षभरात एकदाही पडणं झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शक्य असल्यास फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा.
- हलकी प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते. जड लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवा.
- पायात घट्ट बसणारे, पकड असलेले बूट किंवा सँडल हवेत. नुसते मोजे घालून किंवा बाथरूमच्या चपला घालून व्यायाम नको. साडीचा घोळ किंवा गाऊन पायात येणार नाही असं पाहा.
- मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम करू नये. साखर जवळ ठेवावी.
- श्वास रोखून धरायचा नाही. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

घरी करता येणारे सहा व्यायाम

सुरुवातीला दोन-तीन मिनिटं बसूनच सांधे मोकळे करायचे. घोटे गोल फिरवणं, खांदे पुढे-मागे फिरवणं, मान हळूच डावी-उजवीकडे वळवणं.

१. खुर्चीतून उठ-बस. सहांपैकी एकच करायचा असेल तर हा करा. खुर्चीच्या पुढच्या भागावर सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या. 'नाक पायाच्या बोटांवर' येईल इतकं पुढे वाका आणि उठा. बसताना धपकन बसू नका, तीन आकडे मोजत बसा. खाली बसतानाच्या या सावकाशीतच निम्मा व्यायाम आहे. जमत नसेल तर सीटवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा किंवा हातांचा आधार घ्या.

२. बसून पाय सरळ करणं. खुर्चीत टेकून बसा. एक पाय गुडघ्यात सरळ करा, मांडी आवळा, पाच आकडे मोजा, हळू खाली घ्या. मग दुसरा पाय. गुडघेदुखी असणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

३. टाचा उचलणं. ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभं राहा. टाचा उचला, क्षणभर थांबा, हळू टेकवा. ज्यांनी ताडासन केलं आहे त्यांना हा ओळखीचा वाटेल. पोटऱ्या मजबूत झाल्या की चालताना पाऊल नीट उचललं जातं.

४. पाय बाजूला उचलणं. ओटा धरूनच एक पाय सरळ ठेवून बाजूला वीतभर उचला. कंबर वाकवायची नाही. एका पायावर भार घेताना शरीर सावरणारे खुब्याचे स्नायू याने बळकट होतात.

५. भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहा, तळवे खांद्यांच्या उंचीवर टेकवा. कोपर दुमडून छाती भिंतीकडे न्या, परत या. खुर्चीच्या हातांवर रेटून उठायला ही ताकद लागते.

६. तोल. ओट्याजवळ, हात ओट्याच्या वर तयार ठेवून उभं राहा. पहिली पायरी: दोन्ही पाय जुळवून. दुसरी: एक पाऊल अर्धं पुढे. तिसरी: एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून. चौथी: एका पायावर. एक पायरी १० सेकंद जमली की पुढची. कोणीतरी शेजारी हवंच.

किती करायचं, कधी वाढवायचं?

पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायाम पाच वेळा पुरे. एक दिवसाआड करा. हळूहळू १० वेळांवर या, मग थोडं थांबून आणखी १० वेळा. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. वाक्य अर्धवट सोडावं लागत असेल तर वेग जास्त आहे.

१० वेळा अगदी सहज व्हायला लागलं की थोडं अवघड करायचं. हे बरेच जण विसरतात आणि तेच पाच-दहा वर्षानुवर्षं करत राहतात. दोन हातांऐवजी एका हाताचा आधार, मग बोटांचा, मग नुसताच. उशी काढून टाका. उठ-बस करताना छातीशी मिठाची १ किलोची पुडी धरा.

दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या भरून आल्यासारख्या वाटल्या तर ते स्वाभाविक आहे. पण सांध्यात चमक आली, सूज आली किंवा व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल, तर पुढच्या वेळी संख्या कमी करा. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून खाली वाकणं आणि झटक्याने वळणं टाळा. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर खाली बसणं आणि मांडी घालणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आई-बाबा ऐकत नसतील तर?

'घरातली कामं काय कमी आहेत?' आणि 'आता या वयात कुठे?' ही दोन उत्तरं बहुतेक घरांत मिळतात. त्यावर व्याख्यान देऊन फायदा होत नाही. व्यायामाचं नाव न घेता तो रोजच्या कामाला जोडला तर टिकतो. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओटा धरून टाचा उचलायच्या. मालिकेतल्या जाहिराती लागल्या की पाच उठ-बस. चहा उकळेपर्यंत भिंतीवरचे जोर.

'पडशील' अशी भीती घालण्यापेक्षा त्यांना काय हवं आहे ते विचारा. कोणाला गावच्या जत्रेला जायचं असतं, कोणाला देवळाच्या पायऱ्या चढायच्या असतात, कोणाला नातवंडाला उचलून घ्यायचं असतं. त्यासाठी पाय हवेत, हे त्यांना पटतं.

मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतील तर आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर सोबत व्यायाम करता येतो. मात्र तोलाचे व्यायाम ज्येष्ठ एकटे असताना कॉलवर करून घेऊ नका.

खाण्याचं काय?

प्रथिनं कमी पडली तर नुसत्या व्यायामाने स्नायू वाढत नाहीत. ज्येष्ठांना रोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं अनेक तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५५ किलोच्या आईला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम. संध्याकाळी नुसता चहा-बिस्किट आणि रात्री थोडा भात यात ते भागत नाही. घट्ट वरण, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पिठलं, दही, पनीर, चालत असेल तर अंडी-मासे हे दिवसभरात विभागून द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

लगेच कधी थांबायचं?

छातीत दुखणं किंवा दडपण, दम लागून बोलता न येणं, चक्कर, घाम फुटणं, अचानक एका बाजूचा हात-पाय जड पडणं यातलं काहीही झालं तर व्यायाम थांबवून खाली बसवा. त्रास लगेच ओसरला नाही, किंवा छातीत दुखणं आणि एका बाजूला अशक्तपणा असेल, तर वाट न पाहता १०८ वर फोन करा.

पडलेच तर घाईने ओढून उठवू नका. आधी कुठे दुखतंय ते विचारा. खुब्यात तीव्र वेदना असेल किंवा पाय हलवता येत नसेल तर तसंच पडून राहू द्या आणि मदत बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल गाठा.

सगळं ठीक चाललं असेल तर आठ आठवड्यांनी तीच खुर्ची, तोच ३० सेकंदांचा टायमर लावून पुन्हा मोजा. आकडा दोन-तीनने वाढला तरी ती मोठी कमाई आहे. आणि तोवर पाण्याचा ग्लास हातात आणून द्यायची सवय घरच्यांनी थोडी कमी करायला हरकत नाही.