घरच्या घरी गणित, विज्ञान आणि कोडिंग : चतुर्भुज मंदिराच्या शून्यापासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत

नया बाजार, लष्कर आणि आसपासच्या मराठी घरांतील मुलांना घरी करता येतील असे काही उपक्रम येथे एकत्र दिले आहेत. साधारण तिसरीपासून दहावीपर्यंतच्या मुलांना ते जमतील. शाळेत जाणाऱ्यांनी सुट्टीत करावेत. जी मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानमार्फत घरीच अभ्यास करून परीक्षा देतात, त्यांनी आठवड्यातील एखादा दिवस यासाठी ठेवावा. कोणताही संच विकत घ्यावा लागत नाही. कोडिंगसाठी घरात जुना संगणक असला तरी पुरे, आणि तोही नसेल तर काय करायचे ते पुढे सांगितले आहे.

आम्ही गणिताचे प्राध्यापक नाही. बी.कॉम. आणि बँकेतील आकडेमोड एवढेच आमचे भांडवल. पण एक गोष्ट रोज दिसते. आपल्या मुलांची शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. मराठी उरली ती जेवणाच्या पानावर आणि सणावारात. मुलगा आजीशी मराठीत बोलतो, पण हिशोब सांगताना लगेच ‘फोर्टी नाइन’वर येतो. म्हणून हे सारे उपक्रम शक्यतो मराठीत बोलून करावेत आणि आजी-आजोबांनी त्यांत बसावे.

किल्ल्यावरचा दगड

सुरुवात आपल्याच गावातून करू. ग्वाल्हेर दरवाजाच्या बाजूने किल्ला चढताना वाटेत एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. त्यातील संवत ९३३ च्या, म्हणजे इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह कोरलेले आहेत. मजकूर दानाचा आहे : फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन, आणि देवाला रोज ५० माळा. आकडे आजच्या आकड्यांच्या इतके जवळचे आहेत की मूल ते सहज ओळखू शकते.

येथे एक खुलासा करणे भाग आहे. ‘जगातला पहिला शून्य ग्वाल्हेरचा’ असे आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो. कंबोडियात इ.स. ६८३ चा एक शिलालेख सापडला असून त्यात शक ६०५ हा आकडा शून्यासाठी टिंब देऊन कोरला आहे, तो आपल्या दगडापेक्षा जुना आहे. भारतात मात्र साल निश्चित असलेल्या आणि दगडावर गोल कोरलेल्या शून्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपलेच आहे. मुलांना एवढेच सांगावे, ते पुरेसे मोठे आहे.

आता उपक्रम. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. घरातील प्रत्येकाचा हात मोजावा आणि बागेचे क्षेत्रफळ काढावे. चौरस हात सर्वांचे सारखेच येतील, ५०,४९०. पण मोठ्या माणसाचा हात ४५ सेंटिमीटर धरला तर बाग दहा हजार चौरस मीटरांच्या थोडी वर, म्हणजे सुमारे अडीच एकर भरते. मुलाचा हात ३५ सेंटिमीटर असेल तर तीच बाग ६,२०० चौरस मीटरांच्याही आत येते. हात पाऊणपटीहून थोडा जास्तच आहे, मग बाग तीन पंचमांशावर कशी आली? हे मुलाला स्वतः शोधू द्यावे. लांबी आणि क्षेत्रफळ यांतला फरक एकदा असा हाती लागला की सूत्र पाठ करावे लागत नाही.

एकोणनव्वद आणि नवासी

हिंदीत ८९ ला ‘नवासी’ म्हणतात, म्हणजे ऐंशी आणि नऊ. मराठीत आपण ‘एकोणनव्वद’ म्हणतो, म्हणजे नव्वदात एक कमी. एकच आकडा, एका भाषेत बेरीज आणि दुसऱ्या भाषेत वजाबाकी. एक ते शंभर दोन्ही भाषांत लिहून कोठे बेरीज आणि कोठे वजाबाकी झाली, त्यावर दोन रंगांच्या खुणा मुलांकडून करून घ्याव्यात. ९९ ला दोन्ही भाषा एकदम बेरजेवर येतात, हे मुलांना फार गमतीचे वाटते.

ज्या घरात ऐंशीच्या पुढचे आजोबा असतील तेथे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी म्हणून घ्यावी, जमल्यास फोनवर ध्वनिमुद्रित करावी. औट म्हणजे साडेतीन. अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असणारी ही शेवटची पिढी आहे, आणि ती आपल्याच घरात बसलेली आहे.

कापरेकरांचा ६१७४

नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. जन्म डहाणूचा, १९०५ चा. १९३० ते १९६२ त्यांनी शाळेत शिकवले. पदव्युत्तर पदवी नव्हती, पण आकड्यांचे वेड होते. १९४९ साली त्यांनी मांडलेली गोष्ट अशी : चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक एकच नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर तेच पुन्हा करा.

आपण १८५८ घेऊ, राणी लक्ष्मीबाईंनी ग्वाल्हेरात देह ठेवला ते साल. ८८५१ वजा १५८८ बरोबर ७२६३. पुढे ५२६५, मग ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या पायरीला ६१७४. त्यानंतर कितीही वेळा करा, ६१७४ च येतो. कोणतीही संख्या घेतली तरी सातापेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. तीन अंकांसाठी असा थांबा ४९५ आहे. शिलालेखाचे साल ८७६ घेतले तर पाच पायऱ्यांत तेथे पोहोचता येते. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली आपल्या सदरात लिहिल्यावर कापरेकरांचे नाव जगभर गेले.

या वजाबाक्यांची प्रत्येक बाकी ९ ने भागली जाते. बँकेतील जुन्या मंडळींना हे वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. संगणक येण्यापूर्वी लेजरचे बॅलन्सिंग हाताने होत असे. बेरीज जुळली नाही की आधी फरक ९ ने भागून पाहायचा. भाग गेला तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संशय घ्यायचा. ६३ च्या जागी ३६ लिहिले तर फरक २७. नवाने भागले तर ३, म्हणजे ज्यांच्यात तीनाचा फरक आहे असे शेजारशेजारचे अंक शोधायचे. तसा भाग गेला नाही आणि फरक सम असेल, तर तो निम्मा करून ती रक्कम जमेऐवजी नावे पडली आहे का ते पाहायचे. हे असे का होते, ते आठवी-नववीच्या मुलाने बीजगणिताने सिद्ध करून दाखवावे. आम्हाला ते कारण कोणी सांगितले नव्हते, फक्त युक्ती सांगितली होती.

आता कोडिंग. नव्या शिक्षण धोरणात, म्हणजे २०२० च्या, सहावीपासून कोडिंग यावे असे म्हटले आहे. त्यामुळे महागडे वर्ग लावण्याची घाई सुरू झाली आहे. आमच्या मते आधी कागद घ्यावा. एका मुलाने ‘संगणक’ व्हायचे आणि दुसऱ्याने त्याला कापरेकरांची कृती मराठीत लिहून द्यायची. संगणकाने स्वतःची अक्कल वापरायची नाही, लिहिले तेवढेच करायचे. मग १००० ही संख्या द्या. १००० वजा १ बरोबर ९९९. संगणक झालेला मुलगा तीन नऊ मांडेल, ९९९ मधून ९९९ वजा करेल आणि शून्यावर अडकेल. पण ०९९९ असे चार अंक धरले तर पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. पुढचे शून्य टाकून दिले तर सारी कृती कोसळते. दगडावर २७० मधील शून्याचे जे काम आहे, जागा धरून ठेवण्याचे, तेच हे काम. ‘चारही जागा भरा’ ही ओळ मुलांनी स्वतःहून लिहिली की मगच स्क्रॅच किंवा पायथॉनकडे जावे. दोन्ही फुकट आहेत. मोठ्या मुलांनी ०००० ते ९९९९ पर्यंतच्या सर्व संख्या चालवून किती संख्यांना किती पायऱ्या लागतात याचा तक्ता करावा.

बिस्किटाचा पुडा

नया बाजारातील दुकानातून आणलेल्या पाकिटावर तेरा अंकांचा बारकोड असतो. भारतात नोंदवलेला असेल तर सुरुवात ८९० ने होते. शेवटचा अंक पडताळणीचा. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांचे अंक मिळवा. सम जागांच्या अंकांची बेरीज तिप्पट करून त्यात घाला. एकूण बेरीज दहाच्या पटीत आलीच पाहिजे. घरातील दहा वस्तू तपासाव्यात. मग एक अंक मुद्दाम चुकवून पाहावा, चूक लगेच पकडली जाते. शेजारचे अंक उलटे केले तरी बहुतेक वेळा पकडली जाते. पण १ आणि ६ शेजारी असतील आणि ते उलटे झाले तर यंत्राला पत्ता लागत नाही. अशा आणखी कोणत्या जोड्या आहेत, ते शोधणे हा चांगला गृहपाठ आहे.

स्वयंपाकघर आणि काड्यापेटी

हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो आणि लिंबाने पुन्हा पिवळा. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर चालते. जास्वंदीच्या पाकळ्यांचे पाणी लिंबाने लालसर आणि खाण्याच्या सोड्याने हिरवट होते. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नये, डोळ्याला धोका असतो. मे महिन्यात माठातले पाणी हवेपेक्षा किती अंशांनी थंड असते ते रोज टिपावे आणि जुलैत पुन्हा टिपावे. पावसाळ्यात हा फरक का घटतो, याचे उत्तर वहीतूनच मिळेल.

काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून त्रिकोण आणि चौकोन करावेत. चौकोन डुगडुगतो, त्रिकोण डुगडुगत नाही. ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. पुण्यातील टेल्को कारखान्यातून रजा घेऊन ते १९७८ साली आपल्याच राज्यातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आले होते. तो कार्यक्रम १९७२ साली १६ शाळांत सुरू झाला आणि शासनाने २००२ साली बंद केला. मुलांनी प्रयोग करून स्वतः निष्कर्ष काढावा ही त्याची रीत होती. तो बंद होणे हे राज्याचे नुकसान झाले असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या कामातून भोपाळला उभी राहिलेली एकलव्य संस्था आणि तिचे ‘चकमक’ हे बालमासिक आहे. गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी व हिंदी पुस्तके फुकट वाचता येतात.

नागपूरच्या आत्याबरोबर पृथ्वी मोजणे

नागपूर जवळजवळ आपल्या थेट दक्षिणेला आहे, आणि तेथे नातेवाईक नसलेले मराठी घर ग्वाल्हेरात विरळाच. २० किंवा २१ मार्चला दोन्हीकडे गच्चीवर एक मीटरची काठी सरळ उभी करावी. ओळंब्याने तपासावी. सूर्याकडे पाहू नये, फक्त सावली पाहावी. सर्वांत आखूड सावली घड्याळात बाराला पडत नाही. भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७८ च्या थोडे पुढे, त्यामुळे मार्चमध्ये आपली खरी दुपार साडेबाराच्या अलीकडे होते. सव्वाबारापासून पाऊणपर्यंत दर दोन मिनिटांनी टोकावर खडूची खूण करावी.

ग्वाल्हेरला आखूडतम सावली सुमारे ४९ सेंटिमीटर येते आणि नागपूरला सुमारे ३९. काठी आणि सावली प्रमाणात कागदावर काढून कोनमापकाने वरचा कोन मोजावा. आपला २६ अंशांच्या आसपास, त्यांचा २१ च्या. फरक ५ अंश. दोन शहरांतील सरळ अंतर नकाशावर पट्टीने मोजले तर साधारण ५७० किलोमीटर भरते. ३६० मध्ये ५ अंश ७२ वेळा बसतात. ५७० गुणिले ७२ केले की ४१,०४०. पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. हीच रीत इराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये सव्वादोन हजार वर्षांपूर्वी वापरली होती.

सप्टेंबरच्या २२-२३ तारखेलाही हे करता येते, पण तेव्हा नागपूरला ढगांचा भरवसा नसतो. म्हणून मार्चचाच दिवस धरावा आणि आत्याला फोन आदल्या रात्रीच करून ठेवावा.