मजल्याचा पाहुणा

म्हातारं माणूस गावाहून यायचं ठरलं की आमच्या मजल्यावर पहिली चर्चा संडासाची होई. नायगावच्या बीडीडी चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक बोळ, आणि सार्वजनिक संडास. सकाळी तिथे डबे घेऊन रांग लागे. गुडघे धरलेल्या आजीने त्या रांगेत उभं कसं राहायचं? म्हणून ती यायच्या आधीच ठरलेलं असे, की पहाटे पाचच्या आत तिला कुणीतरी नेऊन आणायचं. सून त्या वेळी नळावर असायची. मग समोरच्या खोलीतली बाई दारावर थाप मारून विचारी, “आजी, उठलात का? चला, आत्ता मोकळं आहे.” मुंबईतल्या पाहुणचाराचा इतिहास मला लिहायचा झाला, तर तो मी या थापेपासून सुरू करीन.

१९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला तिथे राहायला फारसं कुणी येईना. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळी सत्याग्रहींना कोंडायला वापरल्या गेल्या. खोल्या आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कामगार होता, फार तर त्याची बायकामुलं. त्याची गावाकडची आई त्यांनी धरलीच नव्हती. आणि ती तर घरोघरी होती. १९२१च्या खानेसुमारीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांवर माणसं मुंबईत मोजली गेली. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. कर्ता पुरुष गिरणीत आणि म्हातारी माणसं शेतीवर, असा तो संसार दोन ठिकाणी विभागलेला होता.

म्हातारी माणसं मुंबई बघायला क्वचितच येत. येत ती दुखणं घेऊन. परळला १९२६ साली केईएम सुरू झालं, १९४१ साली टाटा हॉस्पिटल. आमच्या नायगावहून दोन्हीकडे चालत जाता येई, त्यामुळे आमच्या चाळींना पाहुणे जास्त. सगळ्यात नेहमीचं दुखणं मोतीबिंदूचं. ही शस्त्रक्रिया आता सकाळी होते आणि माणूस संध्याकाळी घरी येतं. तेव्हा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवत नसत. नुसता मोतीबिंदू काढायचे, पट्टी बांधून दिवसचे दिवस निजवून ठेवायचे, आणि पुढे जाड भिंगांचा चष्मा द्यायचे. घरी आल्यावर कपाळावरून डोळ्यापुढे लोंबणारी हिरवी फडकी. वाकायचं नाही, खोकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चुलीच्या धुराजवळ बसायचं नाही. एकाच खोलीत चूल, मोरी आणि अंथरूण असताना धूर टाळायचा कसा? शेजारीण स्वयंपाक उरकून आपली खोली रिकामी करून देई. आजी दुपारपर्यंत तिथे, मग घरी. माझ्या आजीने त्या काळात आमच्यापेक्षा शेजारच्या वहिनींच्या हातचा भात जास्त खाल्ला असेल.

रात्रीची सोय पाळ्यांवर चाले. गिरणीची पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. घरातली एकुलती खाट पाहुण्याला. घरातला पुरुष बोळात, गच्चीवर नाहीतर खाली फुटपाथवर. ज्या खोलीतला माणूस तिसऱ्या पाळीला गेलेला असेल, तिथे आमच्यातलं एखादं पोर निजायला जाई. कुणाची कुठली पाळी आहे हे मजल्यावर सगळ्यांना पाठ होतं.

पाहुणं रिकाम्या हाताने येत नसे, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवहाराचं मर्म तिथेच आहे. पूर्वी राजापूरकडची माणसं जैतापूरला पडावात बसून बोटीवर चढत आणि भाऊच्या धक्क्यावर उतरत. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून म्हाताऱ्यांची ये-जा दिवाळीनंतर. पुढे एसटी आली. वाट बदलली तरी गाठोडं तेच राहिलं : उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, काजू, फणसाचं साठ. १९४३ पासून मुंबईत रेशनिंग होतं. कार्डावर नाव नसलेलं एक तोंड वाढलं की घराचं गणित बिघडे. आजी आपल्या वाटणीचे तांदूळ आणि वर चार मापं जास्त घेऊन येई. गाठोडं सुटलं की आई वाट्या मांडायची. प्रत्येक खोलीत वाटीभर कुळीथपीठ आणि चार आमसुलं जात. आता पहाटेची थाप मारणारी हक्काने थाप मारू शकत होती, आणि आजीलाही उपकाराखाली राहायची पाळी येत नव्हती.

ज्यांचं मुंबईत घर नव्हतं, त्यांच्यासाठी गावकरी मंडळाची खोली. एका गावचे सडे पुरुष तिथे राहत, खानावळीत जेवत. पण बाईमाणूस आजारी होऊन आलं, तर मंडळ गावातल्या एखाद्या बिऱ्हाडकरूकडे तिची सोय लावी आणि वर्गणीतून औषधापाण्याला हातभार लावी. जमाखर्चाच्या लांबोळक्या वह्यांमध्ये या रकमा लिहिल्या जात.

हा मोठेपणा सरसकट सगळ्यांना लाभला असं मात्र मी म्हणणार नाही. चाळी जातीनुसार वस्ती धरून होत्या. दलितांच्या चाळी वेगळ्या, आणि वाट्या फिरायच्या त्या बहुधा आपापल्या चाळीतच. शिवाय पुरुषाने “आई येतेय” एवढं सांगितलं की पुढचं सगळं बायकांच्या अंगावर. माझ्या आईने कधी कुरकुर केली नाही, पण ती तेव्हा किती झोपत असेल, हा विचार आता मला छळतो.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सगळं उलटं फिरलं. पगार थांबले. माणसं मुलाबाळांना घेऊन गावी गेली आणि पाहुणचार म्हाताऱ्यांनी केला. गावच्या त्याच तांदळावर कितीतरी बिऱ्हाडं जगली. संपाचा इतिहास नेते आणि मोर्चे यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. मुंबईहून परतलेल्या लेकाच्या कुटुंबाला वर्ष-वर्ष जेवू घालणाऱ्या सत्तरीतल्या बायांचं नाव त्यात फार कमी वेळा येतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता चाळी पाडून ५०० चौरस फुटांची घरं देणं चालू आहे. आत स्वतःचा संडास आहे, लिफ्ट आहे. म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा मोठं सुख कुठलं! ज्यांनी ही घरं नाकारावीत असं म्हणत चाळीचे गोडवे गायले, त्यांनी गुडघे धरून तीन मजले चढून बघावेत. पण खोल्या रिकाम्या होताना मंडळांच्या वह्या रद्दीत जात आहेत. कुणाच्या आईच्या डोळ्यांसाठी कुणी किती दिले आणि ती किती दिवस कुणाकडे राहिली, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. ज्यांच्या माळ्यावर अशी वही असेल, त्यांनी ट्रंका बांधण्याआधी ती जवळच्या ग्रंथसंग्रहालयात नेऊन द्यावी.